गोरखचिंच : टाकी की खांब?

राणीची बाग म्हटली की आपल्याला आठवतात हत्ती, पेंग्विन आणि लहानपणी हातातून सुटलेला फुगा! पण भायखळ्याची ही बाग १८६२ साली उघडली ती झाडांसाठी. प्राणी मागाहून आले. तेव्हाचं व्हिक्टोरिया गार्डन्स आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. (व्हीजेटीआयच्या नावाची गोष्टही अशीच, नाही का?) इथल्या देशोदेशीच्या झाडांत कोरड्या मुलखातली एक पाहुणी आहे - आफ्रिकेची गोरखचिंच, म्हणजेच बाओबाब.

अगदी वाळवंटातली नव्हे, पण वर्षातले कित्येक महिने पाऊस न बघणाऱ्या माळरानातली. खोड पिंपासारखं जाड, साल हत्तीच्या कातडीसारखी. पानं गळली की वाटतं, कोणी झाड उपटून उलटं रोवलंय!

एवढं जाड खोड कशाला? आपण पटकन सांगतो, पाण्याची टाकी! ते अर्धंच खरं. ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. पण टाकी असेल तर उन्हाळ्यात नळ सोडायला नको का? मादागास्करमधल्या गोरखचिंचेच्या जातभाईंवरचे अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत दिसलं की झाड हे पाणी पाऊस यायच्या आधी नवी पालवी फोडायला वापरतं. पण पालवी आली तरी पानांची छिद्रं उघडी ठेवून ते उधळत नाही. म्हणजे बाकीचा साठा हातच लावायचा नाही असा!

का बरं? उत्तर आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आहे. या झाडाचं लाकूड फार मऊ. ते ताठ राहतं पेशींमधल्या पाण्याच्या दाबामुळे, सायकलची ट्यूब हवेमुळे राहते तसं. शिवाय मऊ मालाची उणीव जाडी भरून काढते. व्यास दुप्पट केला की वाकण्याला होणारा विरोध सोळापट! पाणी उपसलं तर खांबच लुळा पडेल. म्हणून गोरखचिंच टाकी कमी आणि खांब जास्त आहे.

कॅक्टसची युक्ती वेगळी. तो छिद्रं रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं लावून स्वयंपाक करतो. हॉस्टेलच्या खिडकीतला कॅक्टस मरतो तो बहुतेक वेळा तहानेनं नाही, आपल्या मायेनं! मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. तेव्हा कुंडीला खाली भोक हवं, मातीत वाळू-खडी हवी आणि पावसाळ्यात तांब्या लांब हवा.

मोठ्या झाडांचंही तेच. बुंध्याभोवती सिमेंट ओतलं की मुळांचा श्वास कोंडतो. २००७ साली राणीच्या बागेच्या पुनर्विकासाचा मोठा आराखडा आला, तेव्हा मुंबईकर याच झाडांसाठी उभे राहिले. कारण प्राण्यांचा पिंजरा हलवता येतो, शंभर वर्षांचं खोड नाही.

तर एखाद्या सुट्टीला जाऊन या. भायखळा स्टेशनपासून चालत जाता येतं, फक्त बुधवारी बाग बंद असते. गोरखचिंचेखाली दोन मिनिटं थांबा, पण कंपासनं सालीवर बदाम कोरू नका. मऊ लाकडात जखमेतून कूज शिरते. प्रेम काय, कॅन्टीनच्या बाकावरही कोरता येतं!