चाल बांधणारे अण्णा

‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे गाणे आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. गायिका कोण, हे सर्वांना ठाऊक असते. कवी प्रदीप यांचे नावही काहींना आठवते. चाल कोणाची, या प्रश्नाला मात्र बहुधा उत्तर मिळत नाही. ती चाल एका मराठी माणसाची आहे : सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र नरहर चितळकर. चित्रसृष्टी त्यांना ‘अण्णा’ म्हणे.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. गाण्याचे शिक्षण त्यांनी विनायकबुवा पटवर्धनांकडे घेतले. चित्रपटात ते आले नायक व्हायला. पण १९३५ सालचा ‘नागानंद’ चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोटी कामे करीत, पेटीची साथ करीत ते टिकून राहिले. त्या पेटीनेच त्यांना संगीतकार केले. ‘अलबेला’ (१९५१) आणि ‘अनारकली’ (१९५३) या चित्रपटांनी त्यांचे नाव घरोघर पोचवले. ‘चितळकर’ या नावाने ते स्वतः गातही असत.

मी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, म्हणून अण्णांचे मला विशेष अप्रूप आहे. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट ही आपल्या बँडची वाद्ये त्यांनी हिंदी गाण्यांत मोकळेपणाने वापरली. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांचे सहायक होते. पाय थिरकायला लावणाऱ्या चाली ही अण्णांची ओळख. त्याच माणसाने पुढे हे गाणे बांधले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे आक्रमण झाले. १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये सुमारे १६,००० फुटांवरील रेझांग ला येथे १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली शेवटपर्यंत लढली. शंभराहून अधिक जवान धारातीर्थी पडले. त्यांतले बहुतेक रेवाडी, गुरुग्राम, महेंद्रगड या भागांतले, म्हणजे दिल्लीच्या आसपासचे. मेजरसाहेबांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू यांच्यासमोर लताबाईंनी हे गाणे प्रथम गायले. पंतप्रधानांचे डोळे पाणावले, ही आठवण लताबाई पुढे अनेकदा सांगत. त्या दिवशी रेझांग लाचे जवान अजून बर्फातच होते. शोधपथकाला त्यांचे देह सापडले ते फेब्रुवारीत. काहींच्या हातांत शस्त्रे तशीच होती.

आता चालीकडे पाहू. सैनिकांवरचे गाणे म्हटले की आपल्याला ड्रम आणि कवायतीचा ठेका अपेक्षित असतो. इथे सुरुवातीला ठेकाच नाही. आधी नुसता आवाज, जणू कोणी समोर बसून बोलते आहे. मग ताल हलकेच येतो. अवघड ताना नाहीत. ज्याने गाणे शिकलेले नाही, त्यालाही गुणगुणता येईल असे स्वर आहेत. कोरस अखेरीस येतो आणि एकट्याचे दुःख सर्वांचे होते. वाजवायला बसलो की कळते, यात बोटांचे काम थोडे आहे आणि श्वासाचे फार. ओळ संपेपर्यंत दम पुरवावा लागतो. घाई केली, जोर लावला, की चाल लगेच बिघडते.

प्रदीपजींनी या गाण्याचे मानधन युद्धातील वीरपत्नींच्या निधीला देऊ केले होते. त्याची थकबाकी वसूल व्हायला २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश लागला. अण्णा त्याआधीच, ५ जानेवारी १९८२ रोजी गेले होते. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत आहे. ते जरूर वाचावे.

२९ जानेवारी २०२२ रोजी विजय चौकातील बीटिंग रिट्रीटमध्ये सेनेच्या बँडने हीच चाल वाजवली. तिथे शब्द नव्हते, गायिका नव्हती. होती ती फक्त पुणतांब्याच्या चितळकरांची चाल. माझ्या कॅडेट मित्रांनो, पुढच्या वेळी हे गाणे लागले की सावधान उभे राहाच. आणि शेजाऱ्याने विचारले तर तिसरे नावही सांगा.