न काढलेल्या तिकिटाचे बक्षीस

एका निवृत्त शिक्षकांचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. उपदानाची रक्कम त्यांनी मुदत ठेवीत गुंतवलेली आहे आणि तिच्या व्याजावर पती-पत्नींचा औषधपाण्याचा खर्च भागतो आहे. एके सकाळी त्यांना ई-मेलने एक पत्र येते. परदेशातील एका नामवंत लॉटरीच्या सोडतीत त्यांच्या ई-मेल पत्त्याची निवड झाली असून ५ लाख पौंडांचे बक्षीस त्यांच्या नावे राखून ठेवले आहे, असा त्यातील मजकूर असतो. पत्रावर बोधचिन्ह असते, तिकीट क्रमांक असतो, कोणा संचालकाची स्वाक्षरीही असते. गुरुजींनी आयुष्यात कधी लॉटरीचे तिकीट काढलेले नसते. तरीही ‘खरे असले तर?’ हा प्रश्न मनात घर करतो आणि ते उत्तर पाठवतात.

येथून पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम नाव, पत्ता, बँक खाते क्रमांक आणि पॅनची प्रत मागवली जाते. मग १० ते १५ हजार रुपयांचे ‘प्रक्रिया शुल्क’ येते. ते भरताच चलन रूपांतराचा खर्च, मग सीमाशुल्क, मग रक्कम गैरमार्गाची नसल्याचे प्रमाणपत्र आणि शेवटी रिझर्व्ह बँकेचे ‘ना हरकत पत्र’. प्रत्येक वेळी रक्कम वाढत जाते आणि हा शेवटचाच हप्ता आहे, असे आश्वासन मिळते. आधी भरलेले पैसे वाया जाऊ नयेत, या भीतीने माणूस पुढचे पैसे भरतो. पहिला हप्ता मोहापायी जातो, पण नंतरचे हप्ते बहुधा या भीतीपायी जातात. अखेर गुरुजी मुदत ठेव मोडण्यासाठी शाखेत येतात.

डाव जुना, साधन नवे

या फसवणुकीचा वंश जुना आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात टपालाने पत्रे येत. स्पेनमधील तुरुंगात एक धनाढ्य कैदी अडकला आहे, त्याच्या सुटकेसाठी थोडी रक्कम पाठवल्यास त्याच्या संपत्तीतील वाटा मिळेल, असे त्यांत लिहिलेले असे. पुढे १९८०च्या दशकात नायजेरियातून टपालाने आणि फॅक्सने अशीच पत्रे जगभर जाऊ लागली. त्या देशाच्या फौजदारी संहितेतील फसवणुकीच्या कलमावरून या प्रकाराला ‘४१९’ हे नाव पडले. ई-मेल आल्यावर टपालखर्चही उरला नाही आणि कैद्याची जागा लॉटरीने घेतली. स्पेनमधील ‘एल गोर्दो’ आणि ब्रिटनमधील राष्ट्रीय लॉटरी या खऱ्याखुऱ्या लॉटऱ्यांची नावे त्यासाठी सर्रास वापरली गेली. भारतात अलीकडे हाच डाव व्हॉट्सॲपवर खेळला जातो. ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने २५ लाख रुपयांची लॉटरी लागल्याचे संदेश अनेकांना आले आहेत. त्या कार्यक्रमाचा या संदेशांशी काहीही संबंध नाही.

अशी पत्रे अनेकदा अशुद्ध भाषेत आणि अतिशयोक्तीने भरलेली असतात. मग त्यांना कोणी फसतेच कसे, असा प्रश्न सुशिक्षित वाचकांना पडतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये एका शोधनिबंधात याची उकल केली. पत्र हजारोंना पाठवायला खर्च जवळजवळ येत नाही. मात्र उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी पत्रव्यवहार करण्यात ठकांचा वेळ खर्ची पडतो. पत्रच अविश्वसनीय असले, की चिकित्सक माणसे आरंभीच गळून जातात आणि उरतात ती केवळ विश्वास ठेवण्याच्या मनःस्थितीतील माणसे. म्हणजेच पत्रातील ढोबळपणा ही ठकांची चाळणी असते. आजारपण, कर्ज, मुलीचे लग्न, एकाकीपण अशा अडचणीच्या काळात त्या चाळणीत कोणीही सापडू शकतो. फसलेल्या माणसाला मूर्ख ठरवण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

कायद्याच्या कसोटीवर

लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ अन्वये भारतात लॉटरी चालवण्याचा अधिकार राज्य शासनांना आहे. केरळची राज्य लॉटरी १९६७ मध्ये आणि महाराष्ट्राची १९६९ मध्ये सुरू झाली. तिकिटावर राज्याचे बोधचिन्ह असावे आणि सोडत राज्य शासनानेच काढावी, असे या अधिनियमाचे बंधन आहे. तिकीट घेतलेच नाही, तर बक्षीस लागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ई-मेल पत्त्यांची किंवा मोबाइल क्रमांकांची सोडत काढून कोणतीही राज्य लॉटरी बक्षीस देत नाही.

परदेशी लॉटरीची बाब तर याहून स्पष्ट आहे. परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ म्हणजेच ‘फेमा’ आणि त्याखालील २०००चे नियम यांनुसार लॉटरीच्या तिकिटांसाठी भारतातून परदेशी पैसे पाठवण्यास मनाई आहे. रिझर्व्ह बँकेने २६ मे २०१० रोजी बँकांना पाठवलेल्या परिपत्रकात, बक्षिसाची रक्कम मिळवण्यासाठी पैसे पाठवण्यासही ही मनाई लागू असल्याचे स्पष्ट केले आहे. म्हणजे लॉटरीच्या नावाने असे शुल्क परदेशी पाठवू पाहणारा ग्राहक नकळत कायद्याचाही भंग करीत असतो. शिवाय रिझर्व्ह बँक कोणाही व्यक्तीच्या नावे खाते ठेवत नाही आणि बक्षिसाबाबत कोणालाही ई-मेल, पत्र अथवा दूरध्वनी करत नाही. तिच्या नावाने आलेले ‘ना हरकत पत्र’ बनावट समजावे.

कराचे कारणही असेच फसवे असते. लॉटरीच्या रोख बक्षिसावरील आयकर बक्षीस देणारी संस्था रकमेतूनच कापून घेते आणि उरलेली रक्कम विजेत्याला देते. विजेत्याने कर आधी कोणाच्या खात्यात जमा करावा, अशी पद्धत नाही. पैसे मिळण्यासाठी आधी पैसे मागितले गेले, की व्यवहार खोटा आहे, एवढी एक कसोटी लक्षात राहिली तरी पुरेशी आहे.

ओळखण्याच्या खुणा

१. ज्या सोडतीत भागच घेतला नाही, तिचे बक्षीस लागल्याचे कळवले जाते.

२. पत्रात नाव नसते, ‘प्रिय विजेते’ असे मोघम संबोधन असते.

३. पाठवणाऱ्याचे दिसणारे नाव मोठ्या संस्थेचे असते, पण प्रत्यक्ष पत्ता मोफत ई-मेल सेवेचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार बँकांची संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यावयाची होती. बँकेच्या नावाने आलेला दुवा तपासताना पत्त्याचा हा शेवट पाहावा.

४. शुल्क संस्थेच्या खात्यात न मागता कोणा अनोळखी व्यक्तीच्या बचत खात्यात मागितले जाते आणि प्रत्येक वेळी खाते बदलते.

५. ओटीपी, पिन किंवा पासवर्ड विचारला जातो, अथवा मोबाइलवर एखादे ॲप उतरवून घेण्यास सांगितले जाते.

६. घाई केली जाते आणि गुप्तता पाळण्यास बजावले जाते. ‘रक्कम मिळेपर्यंत कोणास सांगू नका’ हे वाक्य सर्वांत घातक, कारण सावध करू शकणारी माणसे त्यामुळेच दूर राहतात.

खिडकीपाशी

मुदतपूर्व ठेव मोडण्यास आलेले गुरुजी शाखेच्या खिडकीपाशी उभे असतात, तेव्हा फसवणूक थांबवण्याची बहुधा ती शेवटची संधी असते. ग्राहक अस्वस्थ आहे, वारंवार मोबाइल पाहत आहे, रक्कम अनोळखी खात्यात आणि आजच पाठवायची आहे, अशी लक्षणे दिसल्यास कर्मचाऱ्यांनी त्यांना बाजूला बसवून शांतपणे दोन प्रश्न विचारावेत: पैसे कोणाला पाठवत आहात आणि ही ओळख कशी झाली? हे प्रश्न रांगेसमोर विचारू नयेत. लाजेने माणूस खोटे कारण सांगतो आणि मग मदतीची वाट बंद होते.

दुसरी जबाबदारी खात्यांची. ठकांना पैसे घेण्यासाठी भारतातील बँक खातीच लागतात. थोड्या कमिशनच्या बदल्यात आपले खाते वापरू देणारे तरुण या साखळीतील एक कडी बनतात. असे खाते गोठवले जाऊ शकते आणि खातेदाराला पोलीस चौकशीस सामोरे जावे लागते. आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याशी जोडलेले सिम कोणाच्याही हाती देऊ नये.

पैसे गेले असतील तर

पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि आपल्या बँकेलाही लगेच कळवावे. २०१९ पासून कार्यरत असलेल्या ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्यापूर्वी रोखता आली, तरच ती परत मिळण्याची आशा असते, म्हणून पहिले काही तास मोलाचे. आलेले संदेश, ई-मेल आणि भरण्याच्या पावत्या पुसून टाकू नयेत. तो पुरावा असतो. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ ड अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘बुडालेले पैसे शुल्क घेऊन परत मिळवून देतो’ असे सांगणाऱ्यांपासूनही सावध राहावे. तो त्याच डावाचा दुसरा भाग असतो.

अनेक तक्रारी नोंदवल्याच जात नाहीत, कारण फसलेल्या माणसाला घरात सांगण्याची लाज वाटते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण खरी व्हायची, तर ठेच लागलेल्याने ती सांगितली पाहिजे आणि ऐकणाऱ्याने न हसता ऐकली पाहिजे. आपल्या गुरुजींनीही ते पत्र पहिल्याच दिवशी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवले असते, तर तिने एवढेच विचारले असते, ‘अहो, पण तुम्ही तिकीट कधी काढलेत?’ आणि त्यांची ठेव बँकेत सुरक्षित राहिली असती.