सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जाताना काय घालायचं?

काल भाचीने विचारलं, "मामी, पहिल्यांदाच सवाईला चाललेय. पैठणी नेसू का?"

नेस की! पण भारतीय बैठकीचं तिकीट असेल तर चार-पाच तास मांडी घालून बसायचंय. जरीची साडी तेवढ्या वेळात जड होते. मी मऊ सुती साडी नाहीतर सैल सलवार-कुडता घालते. घट्ट जीन्स नकोच, पाय लगेच भरून येतात.

१९५३ पासून पुण्यात होणारा हा महोत्सव डिसेंबरात, मोकळ्या मैदानावरच्या मांडवात असतो. दुपारी ऊन लागतं, रात्री जमिनीतून गारठा चढतो. म्हणून शाल आणि पायमोजे हवेतच. शाल अंगावर घ्या, कंटाळा आला की घडी करून खाली घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आवाज. विलंबित ख्यालाची आलापी मंद्र सप्तकात चालली असताना शेजारच्या नायलॉन जॅकेटची सळसळ फार टोचते. एकदा माझ्याच बांगड्या किणकिणल्या आणि पुढच्या आजोबांनी वळून पाहिलं. तेव्हापासून मैफलीला काचेच्या बांगड्या घालत नाही. उग्र अत्तरही टाळते.

चपला सहज निघतील अशा घाला.

तुम्ही काय घालता?