पोरगी छान गाते, पुढे काय?

ढाणकी आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण सिनेमातले कलाकार आणि गायिका यांच्याविषयी बोलू. त्यांच्या लग्नाच्या आणि साड्यांच्या गोष्टी टीव्हीवर रोज दिसतात. ती माणसं तिथवर पोहोचली कशी, ते आज पाहू.

हा विषय घ्यायला कारण आहे. गटाच्या बैठकीत अलीकडे एक प्रश्न सारखा येतो. कोणाची पोरगी गाते छान, कोणाचा पोरगा नकला करतो. मोबाईलवर व्हिडिओ टाकला की हजार-दोन हजार लोक पाहतात. मग एक दिवस फोन येतो, "तुमच्या मुलीची मालिकेसाठी निवड झाली, नोंदणीचे पंधरा हजार लगेच पाठवा." आई गटाकडे कर्ज मागते. पोरीचं नशीब उघडत असेल तर आपण आडवं का यावं, असंही वाटतं. पण पैसा सगळ्यांच्या बचतीचा असतो. मग द्यावा की नाही?

आधी लता मंगेशकरांचं पाहू. १९४२ साली त्यांचे वडील मास्टर दीनानाथ वारले, तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या. पाच भावंडांत त्या थोरल्या. घर चालवायचं म्हणून त्यांनी सिनेमात लहानसहान भूमिका केल्या. ते काम त्यांना आवडत नव्हतं, तरी केलं. १९४५ मध्ये त्या मुंबईला आल्या आणि तिथेही गाणं शिकत राहिल्या. ‘महल’ सिनेमातल्या गाण्याने त्यांचं नाव झालं ते १९४९ साली. म्हणजे कमवायला लागल्यापासून सात वर्षांनी. त्याआधी लहानपणी वडिलांकडे घेतलेली तालीम वेगळीच.

आता आपल्या विदर्भातलं उदाहरण. वैशाली भैसने-माडे अमरावती जिल्ह्यातल्या खारतळेगावच्या. त्यांनी आधी मराठी ‘सारेगमप’ जिंकलं, मग २००९ मध्ये हिंदीतलीही स्पर्धा जिंकली. आपल्याला वाटतं, स्पर्धा जिंकली म्हणजे झालं. पण ‘बाजीराव मस्तानी’मधलं ‘पिंगा’ त्यांनी श्रेया घोषालबरोबर गायलं ते २०१५ साली. मध्ये सहा वर्षं गेली. स्पर्धेने ओळख मिळते, पण पुढचं काम त्यानंतरही मिळवत राहावं लागतं.

तिसरं नाव रिंकू राजगुरू. ती सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला आणि शाळेत शिकणारी ही मुलगी घराघरात माहीत झाली. राष्ट्रीय पुरस्कारांतही तिच्या कामाची खास दखल घेतली गेली. तरी तिने शिक्षण सोडलं नाही. गर्दीमुळे रोज शाळेत बसणं अवघड झालं, तेव्हा १७ नंबरचा फॉर्म भरून २०१७ मध्ये तिने दहावी दिली. ६६ टक्के पडले. २०१९ मध्ये बारावीला ८२ टक्के मिळाले. सिनेमा चालला म्हणून शाळा बंद, असं तिच्या घरच्यांनी केलं नाही, हे आपण ध्यानात ठेवायचं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याएवढं नाव तमाशात फार थोड्यांना मिळालं. राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पण २००२ मध्ये त्या वारल्या, त्याआधीची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. या धंद्यात नाव मोठं झालं तरी मिळकत दरमहा येत नाही. हंगामात येते, मध्येच थांबते. शेतीसारखंच आहे. म्हणून हंगामातला पैसा राखून ठेवायला लागतो आणि ठरलेला मोबदला कागदावर घ्यायला लागतो. गाणाऱ्यांना रॉयल्टी मिळावी म्हणून लताबाई १९६० च्या दशकात भांडल्या. कायद्यात तो हक्क नीट आला २०१२ मध्ये.

आणि मुंबई हीच एक वाट आहे असंही नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात झाडीपट्टीची नाटकं होतात. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, रात्रभर प्रयोग चालतात आणि लोक तिकीट काढून बसतात. देसाईगंज-वडसा हे त्यांचं मोठं ठिकाण. तिथले कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याच मुलखात राहून त्यांनी ते मिळवलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फोन आला तर काय करायचं?

पहिलं, काम देणारा माणूस आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून घेत नाही. निवडीसाठी, नोंदणीसाठी, फोटोसाठी आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

दुसरं, मुलगी एकटी कुठेही जाणार नाही. कुठे, कोणाकडे, किती दिवस, हे लिहून घ्या. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या बाईकडून वाचून घ्या, मगच सही करा.

तिसरं, मूल चौदा वर्षांच्या आतलं असेल तर त्याच्यासाठी कायदा आहे. चित्रीकरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यायलाच हवी. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावावर मुदत ठेवीत ठेवावा लागतो. शाळाही बुडता कामा नये. एवढं विचारलं, की खोटा माणूस आपोआप फोन ठेवतो.

चौथं, शिकण्याची सोय करा. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत पायरीपायरीने देता येतात. नाटकाची आवड असेल तर राज्य नाट्य स्पर्धेत हौशी मंडळीच उतरतात. गावातलं भजनी मंडळ हीसुद्धा शाळाच आहे, फक्त पोरींना तिथे बसू द्यायला हवं.

जाता जाता एक. वय झालेल्या कलावंतांना सरकारकडून मानधन मिळतं. आपल्या गावात कोणी गोंधळी, शाहीर, तमाशातली म्हातारी बाई असेल तर तिच्यासाठी पंचायत समितीत चौकशी करा. तिला अर्ज लिहून द्यायला गट पुढे येऊ शकतो.

आमच्या गटांनी आता ठरवलंय. पेटी घ्यायला, परीक्षेची फी भरायला, क्लासला जायच्या बसभाड्याला कर्ज द्यायचं, आणि इतर कर्जासारखंच हप्त्याने फेडून घ्यायचं. फोनवरच्या नोंदणीसाठी रुपयाही द्यायचा नाही. पेटी घरात राहते, शिकलेलं पोरीजवळ राहतं. उद्या ती टीव्हीवर नाही दिसली तरी शाळेत गाणं शिकवेल, कार्यक्रम करेल, त्यातून चार पैसे कमवेल.

तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत हा विषय काढा, आणि बोलताना त्या पोरीलाही समोर बसवा.