देवापुढचा लिलाव आणि नऊ न्यायमूर्ती

सोलापूर : शबरीमला मंदिराचे प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे गेल्यापासून सात रस्त्याच्या चहाच्या टपरीवरही एकच वाद : कोर्टाने देवळात शिरावे का? या वादात आपला जिल्हा विसरला जातो. पंढरपूर इथून सत्तरेक किलोमीटरवर आहे.

विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीकडे उत्पात आणि जोडीला सात सेवाधारी, असा तिथला पिढीजात कारभार. देवापुढचे उत्पन्न गोळा करण्याचा हक्क बडव्यांमध्ये लिलावाने जाई. चढलेली बोली अखेर वसूल व्हायची ती वारकऱ्याकडूनच. नाडकर्णी आयोगाने हा कारभार तपासला, १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे कायदा झाला आणि वंशपरंपरागत हक्क संपले. बडवे-उत्पात कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा शब्द यायला जानेवारी २०१४ उजाडले. चार दशके!

धर्माच्या बाबी संप्रदायाच्या, मालमत्तेचा कारभार मात्र कायद्याप्रमाणे, ही विभागणी घटनेच्या २६व्या अनुच्छेदातच आहे. १९५४ च्या रतिलाल गांधी खटल्यात कोर्टाने मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा बहुतांशी टिकवला. न्यासाचा पैसा मूळ हेतू सोडून दुसरीकडे वळवण्याची मुभा मात्र रद्द केली. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

पुढे साताऱ्यात जन्मलेल्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी वेगळी वाट धरली. १९६१ च्या अजमेर दर्गा खटल्यात त्यांनी लिहिले की, अंधश्रद्धेतून शिरलेल्या प्रथांना घटनेचे संरक्षण मिळेलच असे नाही. तळमळ सुधारकाची होती. पण त्यामुळे धर्मात मूलभूत काय, हे न्यायमूर्ती ठरवू लागले. २०१६ मध्ये हाजी अली दर्ग्याच्या मझारीपर्यंत जाण्याचा बायकांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला, तेव्हाही बायकांवरची बंदी इस्लामचा अविभाज्य भाग आहे का, याची चिकित्सा झाली. ती कशाला हवी? बायकांना समानतेचा हक्क आहे, तेवढे पुरेसे होते.

पंढरपुरात पैसा आणि वंशाचा हक्क तपासला गेला, विठ्ठलभक्ती नाही. २०१४ च्या निकालानंतर काही महिन्यांतच सरकारनियुक्त मंदिर समितीने सर्व जातींतून, स्त्रियांकडूनही, पुजारीपदासाठी अर्ज मागवले.

पंढरपूरच्या त्याच कायद्याला २०२३ मध्ये सुब्रमण्यम स्वामींनी उच्च न्यायालयात आव्हान दिले : सरकारने देऊळ कायमचे हातात ठेवावे का? प्रश्न रास्त आहे. बडव्यांच्या लिलावाची जशी झडती झाली, तशीच समितीच्या हिशेबाचीही व्हावी, आणि त्यासाठी वारकऱ्याला पुन्हा चाळीस वर्षे थांबावे लागू नये.