बीडच्या आकड्यांना न्याय देणारा पेशा

2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न राज्यभर गाजला. पिशवी काढलेल्या बायका गावोगाव होत्या. पण हे प्रमाण खरोखरच जास्त आहे का आणि असेल तर कशामुळे, याचे उत्तर रुग्ण तपासून मिळत नाही. त्यासाठी जैवसंख्याशास्त्र लागते. माहिती कशी गोळा करायची, तिच्यावर किती भरवसा ठेवायचा आणि तिच्यातून काय सिद्ध होते, हे ठरवणारे हे शास्त्र आहे.

दोन आकडे, दोन प्रश्न

जून 2019 मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत माहिती दिली, की तीन वर्षांत जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. या प्रश्नाच्या चौकशीसाठी नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली.

हे आकडे एकमेकांना खोडत नाहीत. पहिला ठरावीक काळातील शस्त्रक्रियांचा आहे, दुसरा पाहणीत आढळलेल्या महिलांचा. पहिल्याला छेद नाही, म्हणजे एकूण किती महिलांपैकी हे दिलेले नाही, त्यामुळे तो कमी की जास्त हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. दुसऱ्याला छेद आहे: शंभरात जवळपास सतरा. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातील महिलांत देशाचे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते.

फरक मोठा आहे, तरी जैवसंख्याशास्त्रज्ञ इथे थांबत नाही. पाहणीत चाळिशीच्या आसपासच्या महिला अधिक असतील, तर प्रमाण त्यामुळेही वाढेल. म्हणून तो त्याच वयाच्या, तितक्याच बाळंतपणांच्या, पण तोडीला न जाणाऱ्या महिलांशी तुलना करतो. वयाचा वाटा बाजूला काढला, की मग जड मोळ्या, फडावरची अस्वच्छता, कर्करोगाची घातलेली भीती आणि खाडा, म्हणजे गैरहजेरीपोटी कापले जाणारे पैसे, यांचा वाटा तपासता येतो.

मोजायला कधी जायचे

दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. डिसेंबरात गावात घरोघर फिरून पाहणी केली, तर ज्यांच्याविषयी प्रश्न आहे त्याच महिला यादीतून गळतील. नंतर कितीही अवघड सूत्र लावले तरी ही उणीव भरून निघत नाही. मुकादमासमोर, म्हणजे मजुरांच्या ठेकेदारासमोर, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही वेगळे येऊ शकते. किती जणींना, कधी, कुणी आणि कोणत्या शब्दांत विचारायचे, हे आधी ठरवणे हे या पेशातले सर्वांत मोलाचे काम आहे.

योगायोग की कल

एखाद्या छोट्या गावात वर्षाला वीस बाळे जन्मली आणि त्यांत आठच मुली असल्या, तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. मात्र बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या 2001 च्या जनगणनेत 894 आणि 2011 मध्ये 807 होते, तेव्हा तो योगायोग उरत नाही. लाखोंच्या संख्येत असा फरक आपोआप पडत नाही. गावावर घाईने ठपका न ठेवणे आणि जिल्ह्याला सहज सोडून न देणे, ही दोन्ही कामे शास्त्र करते.

संशोधनातली भूमिका

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत तपासली. 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत महिला काम करत होत्या, 47 गावे तुलनेसाठी होती. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटला होता. ती 47 गावे नसती, तर मृत्यू या पद्धतीमुळे घटले की काळाच्या ओघात, हे सांगता आले नसते. पुढे अशी गृहभेटींची सेवा देशभरातील आशा स्वयंसेविकांच्या कामाचा भाग झाली.

शिक्षण आणि संधी

बारावीला गणित, संख्याशास्त्रात बीएस्सी आणि नंतर संख्याशास्त्र किंवा जैवसंख्याशास्त्रात एमएस्सी, ही सरळ वाट आहे. पुणे आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत संख्याशास्त्राचे विभाग आहेत. मुंबईतील देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि बंगळुरूची निम्हान्स येथे जैवसंख्याशास्त्र शिकवले जाते. ‘आर’ ही संगणक प्रणाली मोफत मिळते. तिचा सराव पदवीपासूनच सुरू करावा.

वैद्यकीय महाविद्यालयांचे सामुदायिक वैद्यकशास्त्र विभाग, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्था, आरोग्य पाहण्या आणि पुण्या-मुंबईतील औषध कंपन्या येथे काम मिळते. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाच्या प्रमुखपदी पोहोचले आणि भुकेच्या मोजणीवर त्यांनी मूलभूत काम केले.

बीडची गरज

आशा आणि एएनएम ताई नोंदी भरतच असतात. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. या नोंदींचा नीट अभ्यास करणारी माणसे इथल्याच मुलामुलींतून घडायला हवीत. फडावरून परतलेल्या आईची लेक प्रश्नावली तयार करील, तेव्हा तिला खाडा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही. तो रकाना तिच्या प्रश्नावलीत पहिल्यापासून असेल.