आपली गोळी येते कुठून?

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या टेबलापाशी उभे राहा, रक्तदाबाच्या गोळ्यांचा विषय निघतोच. ही गोळी आपण वर्षानुवर्षे घेतो, पण ती येते कुठून? बाटलीवर कंपनीचे नाव असते. गोळीतले मूळ औषधी द्रव्य कोणत्या कारखान्यात तयार झाले, हे मात्र सहसा लिहिलेले नसते.

जुलै २०१८ मध्ये ही गोष्ट अनेकांना प्रथमच कळली. रक्तदाबावरील ‘वल्सार्टन’च्या काही गोळ्या अमेरिकेत व युरोपात परत मागवण्यात आल्या. विकणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या, पण मूळ द्रव्य आले होते चीनमधल्या झेजियांग हुआहाई या एकाच उत्पादकाकडून. त्यात एनडीएमए हे कर्करोगाला कारण ठरू शकणारे रसायन सापडले होते.

ते कोणी मुद्दाम मिसळले नव्हते. उत्पादकाने औषध बनवण्याची पद्धत बदलली होती. नव्या पद्धतीत डीएमएफ हे द्रावक होते आणि उरलेले अझाइड नष्ट करायला सोडियम नायट्राइट वापरत. डीएमएफमधून थोडे डायमिथिल अमाइन सुटते. आम्लात त्याची नायट्राइटशी गाठ पडली की एनडीएमए तयार होते. नेहमीच्या तपासणीत ते कोणी शोधतच नव्हते.

धोका किती होता? एफडीएचा अंदाज असा: सर्वांत मोठा डोस, म्हणजे रोज ३२० मिलिग्रॅम, अशा गोळ्यांतून ८,००० जणांनी चार वर्षे घेतला, तर त्यांच्यात आयुष्यभरात कर्करोगाचा एक जादा रुग्ण. उलट गोळी एकाएकी बंद केली तर पक्षाघाताचा धोका लगेचचा. म्हणूनच दुसरी गोळी हाती येईपर्यंत पहिली सोडू नका, असे एफडीएने सांगितले होते. तरीही कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, हे औषध घेणाऱ्यांपैकी रक्तदाब वाढून इमर्जन्सीत येणाऱ्यांचे प्रमाण महिन्याभरातच वाढले.

मग लोकांना सांगूच नये का? मला तसे वाटत नाही. लपवालपवीची किंमत आपण मुंबईत पाहिली आहे. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरिनने १४ रुग्ण दगावले आणि औषधखरेदीतला गैरव्यवहार लेंटिन आयोगाच्या चौकशीनंतरच उजेडात आला. भीती पसरते ती अर्धवट माहितीने. ‘कर्करोग’ हा शब्द घरोघरी पोचतो. कोणता लॉट आणि किती प्रमाण, हे पोचत नाही.

अमेरिकेत २०१३ च्या कायद्याने औषधाच्या डब्याचा कारखान्यापासून दुकानापर्यंत माग ठेवण्याची सोय झाली. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला. त्यातून गोळी कोणी बनवली ते कळते, मूळ द्रव्य कुठले ते नाही.

तोवर आपल्या हाती काय आहे? फार्मसिस्टला कंपनीचे नाव आणि लॉट नंबर विचारा व लिहून ठेवा. आई-वडील भारतातून सहा महिन्यांच्या गोळ्या आणतात आणि सोयीसाठी डबीत काढून ठेवतात. त्यांना मूळ पाकिटे टाकू नका म्हणावे, बॅच नंबर त्यांवरच असतो. आणि बातमी कितीही घाबरवणारी असो, डॉक्टरांना फोन केल्याशिवाय गोळी थांबवू नका.